बाल्कनीत सोडलेला बावीस नंबर

सदाफुली | शनिवार, सकाळी ११.१०

मंडळी, एक प्रसंग आणि त्यावरून आलेली शंका.

काल बेडरूममधला जुना एसी काढला. बारा-तेरा वर्षं चालला, शेवटी शेवटी ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा, पण गार मात्र करायचा. नवा बसवायला दोन मुलं आली होती. त्यातल्या मोठ्याने बाल्कनीतल्या युनिटच्या कडेची पितळी टोपी पान्याने काढली, आत काहीतरी सैल केलं आणि फुस्स्स असा आवाज सुरू झाला. मला वाटलं दोन सेकंदांत थांबेल. तीन-चार मिनिटं थांबेना. पांढरी वाफ, कठड्यावरची कबुतरं उडाली, आणि त्या पितळी नटाभोवती पांढराशुभ्र बर्फ जमला. मे महिन्यात, डोंबिवलीत, दुपारी दीड वाजता! गोडसर तेलकट वास. फरशीवर तेलाचे दोन डाग पडलेत, ते अजून निघत नाहीत.

मी विचारलं, हे काय सोडताय? तर म्हणाला, "काही नाही मॅडम, बावीस नंबर आहे, जुना गॅस. हवेतच जातो."

आठवीत असताना १६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिनाची चित्रकला स्पर्धा होती. मी पृथ्वीवर छत्री काढली होती (सगळ्यांनीच छत्री काढली होती) आणि मला दुसरं बक्षीस, स्टीलची वाटी मिळाली होती. वाटी अजून आहे. काल ती फुस्स ऐकताना मला ती वाटीच आठवली. बोलले मात्र काहीच नाही.

तर शंका अशी : या एवढ्याशा गॅसने खरंच काही होतं का? आणि ओझोनचं ते भोक बुजलं म्हणतात, ते खरं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडीसाखर | ११.२२

मी पयली! वाचतेय.

कंप्रेसर | दुपारी १२.४५

सदाफुलीताई, त्या पोराला फार दोष देऊ नका. एकतीस वर्षं या धंद्यात आहे, आता अशाच पोरांना शिकवतो. त्याला एका दिवसात चार ठिकाणी एसी बसवायचे असतात. गॅस परत भरून घ्यायचं मशीन वेगळं, त्याचा सिलिंडर वेगळा, ते खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर चढणार कोण? आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देतं का? नाही.

आता गॅसबद्दल. आमच्या लाइनीत गॅसला नंबरानेच ओळखतात. बारा नंबर म्हणजे जुन्या फ्रिजचा, अकरा नंबर मोठ्या चिलरमध्ये आणि फोम फुगवायला, बावीस नंबर एसीत. अकरा आणि बारा हे पूर्ण सीएफसी, म्हणजे नुसते क्लोरिन, फ्लोरिन आणि कार्बन. बावीसमध्ये एक हायड्रोजन असतो, म्हणून तो एचसीएफसी. त्या एका हायड्रोजनमुळे त्याचा बराचसा भाग खालच्या हवेतच मोडून जातो, वर कमी पोचतो. ओझोन खाण्याच्या ताकदीत अकरा नंबरला १ धरतात, त्या हिशेबात बावीसला ०.०५५. म्हणजे तुमच्या बाल्कनीतून साधारण किलोभर गेला असेल तर तो अकरा नंबरच्या ५५ ग्रॅमएवढा. फार नाही. पण फुकटही नाही.

खरी मार दुसरीकडे आहे. हाच एक किलो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १८०० किलोंच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो, आता तुम्हीच भागा. पावणेआठशे लिटरच्या वर जातं. तेवढ्यात समृद्धीवरून नागपूर सात-आठ वेळा जाऊन-येऊन होईल. तीन मिनिटांत.

तुमच्या नव्या एसीत बहुतेक बत्तीस नंबर असेल, मागे लेबल बघा. त्यात क्लोरिन नाही, ओझोनला धक्का नाही. उष्णतेच्या हिशेबात मात्र त्याचाही एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ किलोंएवढा.

टवाळ_बोका | १२.५१

म्हणजे बाल्कनीत उभं राहून ताई नागपूरला जाऊन आल्या. संत्री आणलीत का? (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

घाटावरचा_मास्तर | दुपारी ३.३०

धागा आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

पहिली गोष्ट, ओझोनचा 'थर' हा शब्द फसवा आहे. चादर अंथरल्यासारखं काही वर नाही. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर तो विरळ पसरलेला असतो. डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणून दाबला तर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल, थालीपिठाची जाडी. यालाच ३०० डॉब्सन म्हणतात. अंटार्क्टिकावर वाईट वर्षी ऑक्टोबरात तो १०० च्या आसपास उतरतो. म्हणजे थालीपिठाचा पापड होतो. 'भोक' म्हणतात ते हे, आरपार छिद्र नव्हे.

आता क्लोरिन काय करतो. सीएफसीचा रेणू खाली कोणाशीही भांडत नाही. जळत नाही, गंजवत नाही, विषारी नाही, पावसात विरघळत नाही. याच गुणासाठी तो बनवला होता. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असायचे, नळी फुटली तर माणसं मरत. १९३० साली थॉमस मिजली यांनी रसायनतज्ज्ञांच्या सभेत हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध : विषारी नाही आणि जळतही नाही. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाने किती करावं!)

पण जो कोणाशीच भांडत नाही तो मरतही नाही. बारा नंबरचा रेणू शंभरेक वर्षं टिकतो. वाऱ्याबरोबर वर वर जातो, आणि ओझोनच्या प्रदेशात पोचल्यावर तिथल्या कडक अतिनील किरणांनी त्याचा क्लोरिन सुटतो. मोकळा क्लोरिन म्हणजे लग्न मोडणारा मामा. ओझोनच्या तीन ऑक्सिजनांतला एक फोडून स्वतःला जोडून घेतो, पुढे कोणी सुटा ऑक्सिजन भेटला की त्याच्या गळ्यात हा टाकतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या घरी चहाला. त्याचं स्वतःचं काहीच जात नाही. असा एक क्लोरिन हजारो ओझोन मोडतो, तेव्हा कुठे त्याला कोणीतरी अडकवून ठेवतं.

हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये कागदावर मांडलं. तेव्हा कुठेही भोक दिसलेलं नव्हतं. दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं १९९५ मध्ये.

शंकासुर | दुपारी ४.०५

मास्तर, आदर आहे, पण काही गोष्टी पटत नाहीत.

एक, सीएफसी हवेपेक्षा चौपट जड. तो वर जाईलच कसा? खालीच बसायला हवा. दोन, समुद्रात मीठ आहे, म्हणजे क्लोरिनच. ज्वालामुखीतून टनावारी निघतो. त्याच्यापुढे डोंबिवलीचा एसी काय चीज. तीन, गॅस वापरला उत्तरेकडच्यांनी, भोक पडलं दक्षिण ध्रुवावर! आणि चार, पेटंट संपली म्हणून कंपन्यांनीच जुना गॅस बंद पाडला असं वाचलंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, होऊ द्या.

घाटावरचा_मास्तर | सायंकाळी ५.४०

शंकासुरा, शंका चांगल्या आहेत, वर्गात असतास तर पहिल्या बाकावर बसवला असता.

जडपणाचं : कार्बन डायऑक्साइडही हवेपेक्षा जड आहे. तो खाली साचून राहिला असता तर आपण सगळे झोपेत गेलो असतो. वारा, ढग, वादळं हवा एवढी घुसळतात की जवळपास शंभर किलोमीटरपर्यंत जड-हलकं असा भेद उरत नाही. ताक घुसळताना रवी थांबली तर लोणी वर येईल. इथे रवी थांबतच नाही. शिवाय तर्क कशाला, फुगे आणि विमानं पाठवून वरची हवा आणून मोजलेलं आहे.

मिठाचं : मीठ पाण्यात विरघळतं. ज्वालामुखीचं हायड्रोक्लोरिक आम्लही विरघळतं. पावसाबरोबर जवळजवळ सगळं खाली येतं. मोठा स्फोट झाला तर थोडं वर पोचतंही, पण नेहमीचा पुरवठा तो नव्हे. आणि खरी खूण क्लोरिनची नाहीच, फ्लोरिनची आहे. सीएफसी वर फुटला की फ्लोरिनही सुटतो आणि त्याचं हायड्रोजन फ्लोराइड होतं. त्या उंचीवर त्याचा नैसर्गिक स्रोत जवळजवळ नाहीच. १९९१ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरच्या उपकरणाने हे वर्षानुवर्षं मोजलं, सीएफसीच्या हिशेबाबरोबर ते वाढत गेलं. चोराच्या पायातला घुंगरू म्हणा.

तिसरं सगळ्यात गंमतीचं. मामाला अडकवून ठेवतात असं म्हणालो ना? क्लोरिन दोन कोठड्यांत असतो, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरिन नायट्रेट. या दोन्ही कोठड्या ओझोनला निरुपद्रवी. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सहा महिने अंधार, भोवती वाऱ्याचा भोवरा, आतली हवा आतच, तापमान उणे ७८ च्याही खाली. तेव्हा तिथे वीस किलोमीटरवर ढग तयार होतात. मोत्याच्या शिंपल्यासारखे रंगीत दिसतात. या ढगांच्या कणांवर त्या दोन कोठड्या एकमेकींवर आपटतात आणि क्लोरिन वायू बाहेर पडतो. सगळ्या कैद्यांना एकदम जामीन. अंधारात तो नुसता बसून राहतो. सप्टेंबरात सूर्य उगवला की फुटतो आणि काही आठवड्यांत सगळा फडशा. ही ढगांची कल्पना सुझन सॉलोमन यांची, १९८६ मध्ये त्या स्वतः अंटार्क्टिकावर मोहीम घेऊन गेल्या. उत्तर ध्रुव एवढा थंड पडत नाही, म्हणून तिथे एवढं मोठं भोक सहसा पडत नाही. गॅस जगभर सारखाच पसरलेला आहे, ढग मात्र सगळीकडे नाहीत.

पेटंटाचं : मूळ पेटंटं केव्हाच संपली होती. ज्या कंपनीचं नाव या गोष्टीत घेतलं जातं तिने तर सत्तरच्या दशकात विज्ञानालाच विरोध केला होता. १९८८ मध्ये उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. पर्यायी गॅसवर नंतर पैसा कमावला, ते खरं. व्यापारी आहेत, संत नाहीत.

शंकासुर | ५.५२

फ्लोरिनचा मुद्दा माहीत नव्हता. तो मान्य. बाकीच्यांवर विचार करतो.

खडीसाखर | ६.०१

इतिहासात नोंद करा, शंकासुराने काहीतरी मान्य केलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सिमला_ऑफिसशेजारी | रात्री ८.१५

मास्तरांचे प्रतिसाद एकदम भारी. थोडी पुणेरी भर घालतो.

शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे, आम्ही तिला सिमला ऑफिस म्हणतो. ओझोन मोजायच्या भारतीय कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. ॲना मणी यांनी पुण्यात असताना साठच्या दशकात फुग्याबरोबर सोडायचं भारतीय ओझोनमापक तयार केलं. त्याचं तत्त्व कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलेलं आहे : छोटासा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यातून बुडबुडत नेतो, ओझोन असला की आयोडीन सुटतं आणि अगदी बारीक वीज वाहते. ती मोजायची, रेडिओने खाली पाठवायची. फुगा चढत जातो आणि खाली उंचीप्रमाणे ओझोनचा आलेख उमटत जातो. भारताने अंटार्क्टिकावरच्या तळावरूनही हे फुगे सोडले.

त्याआधी अहमदाबादला के. आर. रामनाथन. जागतिक ओझोन आयोगाचे ते अध्यक्ष होते.

आता सदाफुलींच्या प्रश्नाचा एक भाग राहिलाय. आपल्या डोक्यावर भोक होतं का? नाही, कधीच नव्हतं. विषुववृत्ताच्या आसपास ओझोन तयार सगळ्यात जास्त होतो, पण वरचे वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात. त्यामुळे महाराष्ट्रावर तो मुळातच २५०-२८० डॉब्सन असतो आणि सीएफसीमुळे त्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे ऊन करपवतं ते सूर्य माथ्यावर असतो म्हणून. दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर 'ओझोनच्या छिद्रामुळे यंदा विदर्भ ४५ वर' असा मेसेज फिरतो, तो पाठवणाऱ्या काकांना हा धागा द्या. भोक आणि तापमानवाढ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

दक्षिणवारा | रविवार, पहाटे ४.३०

तुमच्याकडे पहाट, आमच्याकडे सकाळचे अकरा. क्राइस्टचर्चहून लिहितेय.

इथे आल्यावर पहिल्या जानेवारीत बागेत वीस मिनिटं कपडे वाळत घातले, बावीस अंश तापमान, गार वारा. संध्याकाळी मान आणि हाताचा वरचा भाग लाल, शेजारच्या आजी धावत मलम घेऊन आल्या. सोलापुरात चाळिशी पार केलेल्या उन्हात क्रिकेट खेळलेली मी, मला हे अपमानास्पदच वाटलं. इथे हवामानाच्या बातम्यांत तापमानासोबत उन्हापासून कोणत्या वेळेत जपायचं तेही सांगतात. शाळेत टोपी नसेल तर मुलांना मैदानावर जाऊ देत नाहीत, सावलीत बसवतात.

पण हेही सांगते की सगळं खापर भोकावर फोडू नका. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, हवा इथली स्वच्छ, धूळ नाही. आणि भोक वसंतात असतं, ते विरलं की त्यातली ओझोन कमी असलेली हवा आमच्यासारख्या भागांवर पसरते. सगळं मिळून ते ऊन. आमच्या गोऱ्या शेजाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या कातडीवरचे डाग काढलेले आहेत. मला आता सनस्क्रीनशिवाय कपडेही वाळत घालवत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ९.२०

बाप्पा, एक इचारतो. आमच्या गावात पयला फ्रिज आला १९९४ ले. तोही सरपंचाकडं, अन् त्यात निस्तं पाणी ठेवत. तवाच टीव्हीवर सांगाले लागले का फ्रिजनं ओझोनले भोक पडलं. म्हनजे गोऱ्यायनं साठ वर्स थंडं पेलं, अन् आमची पाळी आली त गॅस बंद. ह्याले काय म्हनावं?

घाटावरचा_मास्तर | ९.५०

ठेचासाहेब, हाच प्रश्न भारताने विचारला होता, आणि चांगला खणखणीत विचारला.

ओझोन खाणारे गॅस बंद करायचा मॉन्ट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ चा. भारत आणि चीन बाहेर राहिले. १९९० ला लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी साफ सांगितलं की बिघडवलं त्यांनी, तर तंत्रज्ञान बदलायचा खर्चही त्यांनी द्यावा. त्या बैठकीत वेगळा निधी उभा राहिला. भारत करारात आला १९९२ ला. ज्या विकसनशील देशांचा वापर माणशी ०.३ किलोच्या खाली, त्यांना सवलत : दहा वर्षं उशिरा, आणि कारखाने बदलायला पैसे. आपला वापर त्याच्याही कितीतरी खाली होता. सीएफसीचं उत्पादन आपण २००८ मध्ये थांबवलं, औषधाच्या फवाऱ्यांपुरती सवलत ठेवून.

माझ्या मते करार चालला तो या निधीमुळे. विज्ञान बरोबर होतंच, पण नुसत्या बरोबर असण्याने कोण कारखाना बदलतो? हवामानबदलाच्या बैठकांत तीस वर्षं हेच अडलंय.

धाप | ९.५८

औषधाच्या फवाऱ्यांचं मी सांगते, मी दम्याची जुनी गिऱ्हाईक.

पूर्वीच्या पंपात अकरा-बारा नंबरच असायचे. दाबला की घशाच्या मागे थंडगार फटका बसायचा, तो बसला की निम्मं बरं वाटायचं. २०१० नंतर हळूहळू नवे पंप आले. फवारा मऊ, कोमट, चव वेगळी. मला आठवडाभर वाटत होतं की पंप रिकामाच आहे. तीन वेळा डॉक्टरांकडे जाऊन भांडले. औषध तेच होतं, मात्रा तीच, गेला होता तो फटका! शिवाय नव्याचं प्लास्टिकचं तोंड चोंदतं, आठवड्याला धुवावं लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी कॅप्सूल टोचून पावडर ओढायचं यंत्र घेतलं. त्यात गॅसच नाही.

टवाळ_बोका | १०.०५

"गेला होता तो फटका" हे वाक्य माझ्या तरुणपणाबद्दलही आहे.

गोदीवाला | दुपारी १२.१५

सगळे क्लोरिनच्याच मागे लागलेत. ब्रोमिनला कोणी विचारत नाही. मी न्हावाशेवा बंदरात क्लिअरिंगच्या कामात आहे, ब्रोमिन रोज बघतो.

कीड मारायला मिथाइल ब्रोमाइड वापरतात. कंटेनरची दारं चिकटपट्टीने बंद, बाहेर कवटीचं स्टिकर, आत गॅस, साधारण चोवीस तास. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणून कळावं यासाठी त्यात डोळ्यांना झोंबणारा दुसरा गॅस थोडा मिसळतात. मुदत झाली की दारं उघडायची आणि मास्कवाला माणूस बाजूला होतो. गॅस कुठे जातो? ताईंच्या बाल्कनीतून गेला तिकडेच.

ओझोनच्या बाबतीत ब्रोमिनचा एक अणू क्लोरिनच्या साधारण साठ पट घातक. मिथाइल ब्रोमाइड हवेत वर्षभराच्या आतच मोडतो म्हणून, अकरा नंबरला १ धरलं तर, एकूण हिशेब ०.६ वर येतो. शेतीत त्याचा वापर बंद झाला, पण जहाजावरच्या मालाची कीड मारायला करारातच सूट आहे. आपल्या वनस्पती विलगीकरणाच्या नियमांत बाहेरून येणाऱ्या कडधान्यांना हाच गॅस मारून यायची अट. कॅनडा म्हणतं आमच्याकडे थंडीत तो नीट चालत नाही आणि आम्ही तो कमी करतोय. मग सूट, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलंय. तुमच्या उसळीतल्या वाटाण्याचं ओझोनशी नातं आहे ते असं.

आंब्याचं वेगळं. अमेरिकेला २००७ पासून जातो तो किरणोत्सर्ग देऊन, लासलगाव-वाशीच्या केंद्रांतून. तिथे गॅस नाही.

सदाफुली | दुपारी १.३०

बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. गोदीवाला, वाटाण्याची उसळ आजच केली होती, आता घशाखाली उतरेना.

मूळ प्रश्न राहिलाच, भोक बुजलं का?

घाटावरचा_मास्तर | दुपारी २.४५

बुजतंय. बुजलेलं नाही.

१९८५ मध्ये जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तिघा ब्रिटिशांनी अंटार्क्टिकातल्या हॅले तळावरचे आकडे छापले. ऑक्टोबरातला ओझोन ३०० च्या आसपास असायचा तो २०० च्या खाली आला होता. त्यानंतर दोन वर्षांत करार. १९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चिलीच्या पुंटा अरेनासहून एक विमान भोकाच्या आत शिरून मोजत होतं. जिथे क्लोरिन मोनॉक्साइड उसळतं तिथेच ओझोन कोसळतो, दोन्ही रेघा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. हा आलेख हातात येईपर्यंत करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. एवढी घाई राजकारण्यांनी चांगल्या कामात कधी केल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

२०२२ च्या जागतिक आढाव्यानुसार करार असाच पाळला तर १९८० ची पातळी जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमाराला, उत्तर ध्रुवावर २०४५, अंटार्क्टिकावर २०६६. एवढा वेळ का, तर वर गेलेलं परत बोलावता येत नाही. मिजलींच्या जमान्यातला काही गॅस अजून वर फिरतोय.

शंकासुर | ३.१०

करार "असाच पाळला तर" ना? पाळतं कोण, बघतं कोण?

कंप्रेसर | ३.५५

बघतात, शंकासुरराव. २०१८ ला अमेरिकन शास्त्रज्ञांना दिसलं की हवेतला अकरा नंबर हवा तेवढा भराभर कमी होत नाहीये. म्हणजे कुणीतरी चोरून बनवतंय. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानच्या बेटांवरच्या केंद्रांतल्या आकड्यांवरून वाऱ्याची दिशा उलट लावत नेली, बोट पूर्व चीनमधल्या शानडोंग-हबेई भागावर गेलं. फोम फुगवायला वापर, असा अंदाज. बोभाटा झाला आणि दोनेक वर्षांत आकडा परत खाली आला. परवाना बघायला इन्स्पेक्टर गेला असता तर चहा पिऊन परत आला असता. इथे हवेनेच चुगली केली.

आणि आमच्या धंद्याचा अभिमान म्हणून एक सांगतो. व्ही. रामनाथन हे नाव ऐकलंय? इंजिनिअर झाल्यावर त्यांची पहिली नोकरी सिकंदराबादच्या फ्रिज कारखान्यात. काम काय, तर गॅस कुठून लीक होतो ते शोधायचं. पुढे अमेरिकेत गेले आणि १९७५ मध्ये त्यांनीच दाखवलं की हा गॅस ओझोनपुरता नाही, पृथ्वीही तापवतो, रेणूमागे कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. मी पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो : साबणाच्या फेसाने नळीच्या जोडावरचा फ्लेअर नट तपासताय ना, त्यातूनच एक माणूस तिथवर पोचला.

बावीस नंबरचंही संपत आलंय. आपल्यासारख्या देशांनी २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कपात करायची होती, २०३० पर्यंत ९७.५ करायची, उरलेला फक्त दुरुस्तीला. त्यानंतर क्लोरिन नसलेल्या पण तापवणाऱ्या गॅसची पाळी, ते मॉन्ट्रियल करारात २०१६ ला किगालीत झालेल्या दुरुस्तीत आलंय. भारताची मर्यादा २०२८ पासून. शिरवळला आपल्याकडे प्रोपेनवर, म्हणजे २९० नंबरवर चालणारे एसी बनलेत. ओझोनला शून्य, उष्णतेला नगण्य. फक्त ज्वालाग्राही आहे, तेव्हा बिडी ओढत बसवू नये.

सदाफुली | सोमवार, रात्री ९.२०

अपडेट. हॉलमधला दुसरा एसी आहे, तोही त्याच वयाचा. आज त्याच मुलाला फोन करून विचारलं, काढताना गॅस न सोडता काढता येईल का? म्हणाला, "पंप डाऊन करतो ना मॅडम, पाच मिनिटांचं काम. तुम्ही बोलला नाहीत." मला वाटलं होतं वाद घालेल.

कंप्रेसर | ९.३५

शाब्बास. पण ताई, अर्धंच झालं. पंप डाऊन म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये कोंडला. ते युनिट भंगारात गेलं की भंगारवाला तांब्यासाठी नळी कापणार, फुस्स तिकडे होणार. सिलिंडरमध्ये काढून घेणारा माणूस शोधा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डोंबिवलीत आमच्याकडे शिकलेला एक आहे. मशीन आहे त्याच्याकडे. चहा द्या फक्त, चौथा मजला आहे.

सदाफुली | ९.५०

व्यनि केला. आणि आता शेवटचं, खरंच शेवटचं. कोल्हापूरला आईकडे १६५ लिटरचा फ्रिज आहे, १९८८ चा. दाराला रबर दोनदा बदललं, बाकी ठणठणीत. तो बारा नंबरचा ना? मी गेली पाच वर्षं तिच्या मागे लागलेय की टाकून नवा घे. बिलही जास्त येतं.

कंप्रेसर | १०.०२

हो, बारा नंबर. जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम असेल. दारात आणि भिंतींत फोम असेल तर फोमच्या बुडबुड्यांत त्याहून जास्त अकरा नंबर अडकलेला असतो, काचलोकर असेल तर प्रश्न नाही. नवा घेतला तर वीज वाचेल हे खरं. पण जुना देणार कुणाला? नीट गॅस काढून घेणारा मिळेपर्यंत चालू द्या. इतकी वर्षं गॅस आत धरून बसलाय तो. आईंना माझा नमस्कार सांगा.

सदाफुली | १०.१०

सांगितला. आई म्हणाली, "बघ, मी म्हणत होते."